केबलच्या दुसऱ्या टोकाला

पडद्यावर तिच्या उत्तरपत्रिकेतला सात आला. नाव झाकले होते, क्रमांकावर सरांनी पांढरी पट्टी चिकटवली होती, पण सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची खोड अख्ख्या वर्गात तिला एकटीलाच होती, आणि तो सात आता भिंतीएवढा होऊन सगळ्यांसमोर उभा होता. तिने आधी तो ओळखला, मग शेजारचे अक्षर ओळखले, आणि मग कुठे उत्तर काय आहे ते वाचले. सरांना मुले ‘डेसिबल’ म्हणत, कारण त्यांचा आवाज कधी चढतच नसे. त्यांचे बोलणे ऐकू यावे म्हणून शेवटच्या बाकावरच्यांनासुद्धा गप्प बसावे लागे. “ही केबल,” सर त्याच आवाजात म्हणाले, “मला घरी न्यायची आहे. या टोकाला सिग्नल टाकायचा, त्या टोकाला जास्त होऊन मिळतो. मध्ये ना वीज, ना अँप्लिफायर. नुसती केबल. जेवढी लांब, तेवढा फायदा.” वर्ग हसला. अगदी मनापासून हसला, कारण विनोद खरोखरच चांगला होता. तीही हसली. शेजारच्या लंबूला तिचा सात ठाऊक होता. तो आधी खो खो हसला, मग तिच्याकडे नजर गेल्यावर एकदम मान खाली घालून दप्तरात काहीतरी शोधू लागला. त्याचे ते शोधणे तिला वर्गाच्या हसण्यापेक्षा जास्त लागले.

चूक कुठे झाली हे तिला तिथेच, बसल्या जागी दिसले. लाटेच्या गणितात काळ मांडायच्या दोन रीती आहेत. तिच्या सकाळच्या इमारतीत, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या, तो उणे चिन्हाने मांडतात. दुपारच्या इमारतीत, म्हणजे दूरसंचार अभियांत्रिकीच्या, अधिक चिन्हाने. कुठलीही घ्या, लाट तीच राहते. अट एवढीच की एकदा धरलेली रीत शेवटपर्यंत सोडायची नाही. तिने केबलच्या आतल्या प्लास्टिकचा आकडा सकाळच्या रीतीने लिहिला होता आणि लाट मात्र दुपारच्या रीतीने पुढे ढकलली होती. झाले, जी लाट वाटेत विरत जायला हवी ती फुगत फुगत निघाली. नुसते दूरसंचार शिकणाऱ्याच्या हातून ही चूक होणे शक्य नव्हते, त्याला दुसरी रीत माहीतच नसते. नुसत्या पदार्थविज्ञानवाल्याच्या हातूनही नाही. एवढी मोठी चूक करायला दोन्ही शिकावे लागते, आणि दोन्ही शिकणारी तीच एकटी उरली होती. सुरुवातीला आणखी काही जण होते. मग एकेकाने शहाणपणा केला.

तास संपल्यावर ती जिन्याने खाली आली. दुपारच्या या इमारतीत लिफ्ट होती, दारे कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नसत, आणि प्रत्येक मजल्यावर सोल्डरिंगचा तो गोडसर जळका वास असे. सकाळच्या इमारतीत दारे नुसती लोटायची, फळ्यावर अजून खडू चालत, आणि दुपारपर्यंत बाही पांढरी होई. दोन्हींच्या मध्ये एक फरसबंद पटांगण आणि कॉफीचे एक आडमुठे यंत्र. गेली काही वर्षे ती रोज जेवणाच्या सुट्टीत हे पटांगण ओलांडत होती आणि ओलांडता ओलांडता डोके बदलत होती. घरात शिरताना चपला दाराशी काढतात तसे. सकाळचे प्रश्न पायरीवर ठेवायचे, आत जायचे, संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा पायात सरकवायचे. हे आपल्याला फार छान जमते अशी तिची समजूत होती. लंबू म्हणायचा, “तुझ्या डोक्यात मध्ये पार्टिशन आहे, भाड्यानं दे अर्धं.” तिला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. आज पटांगण ओलांडताना यंत्राने कॉफी दिली पण कप दिला नाही.

दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंनी बोलावले. जोडपदवीच्या मुलांचे वेळापत्रक, परीक्षा, रडारड सगळे त्यांच्याकडे असे. आता मुले म्हणजे ही एकच होती. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपे गेले असते. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही हुशार आहात हे कुणी नाकारत नाही. पण ओढाताण दिसतेय. तुम्ही एक विषय सोडलात तर दुसऱ्यात पहिल्या येणार, हे मी लिहून देते. कुठला सोडायचा ते तुम्ही ठरवा, माझं काही म्हणणं नाही. शुक्रवारी सांगा. त्यानंतर पुढच्या सत्राची रचना मला बदलता येत नाही.” ती “हो” म्हणाली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आले की बाईंनी ‘सोडायचं का’ असे विचारलेच नव्हते, ‘कुठलं’ एवढेच विचारले होते, आणि आपणही ‘हो’ म्हणून बसलो होतो.

कुठलं. त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ती हा शब्द तोंडात घोळवत हिंडली. खरे सांगायचे तर एक भीती तिच्या मनात आधीपासून होती, पडद्यावरच्या सातने तिला फक्त बाहेर काढले. ती भीती अशी, की आपल्याला दोन्ही हवे आहे असे नाहीच मुळी. आपल्याला फक्त एकही सोडवत नाही. हावरट माणूस ताटात सगळे वाढून घेतो आणि मग कशालाच धड न्याय देत नाही, तशातली आपली गत असेल. सकाळच्या वर्गात तिच्याहून तल्लख मुले होती, ती तिच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेली होती, कारण दुपारी ती वाचत बसत आणि ही सर्किटे जुळवत बसे. दुपारच्या वर्गातल्यांचे हात सराईत झाले होते. लंबू तर डोळे मिटून अँटेना जोडायचा. हिचा हात मात्र प्रत्येक वेळी क्षणभर थबकायचा. दोन्ही ठिकाणी ती बरी होती. बरी हा शब्द तिला शिवीसारखा लागे.

आणि तरी हे सगळे काही हौसेने सुरू झालेले नव्हते, की होते? तिचे वडील जहाजावर होते. यंत्रघरात काम, महिनोन्‌महिने पाणी, आणि अधूनमधून उपग्रहावरून घरी फोन. त्या फोनमध्ये आवाज जायला आणि यायला वेळ लागे. आपण बोललो की मध्ये एक पोकळी, आणि मग बाबांचे उत्तर. पोकळीला घाबरून आई पुन्हा बोलायला लागली की दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळे आणि कुणालाच काही कळत नसे. म्हणून घरात एक नियम झाला होता. बोलून संपले की ‘झालं’ म्हणायचे. “इकडं सगळं बरं आहे, हिची परीक्षा संपली, झालं.” पोकळी. “छान. दात दाखवलास का डॉक्टरांना? झालं.” ही सवय इतकी हाडात भिनली की आई आणि ती जेवताना समोरासमोर बसूनसुद्धा “भात वाढ, झालं” म्हणायच्या आणि हसत सुटायच्या. पण कधी कधी ‘झालं’ यायच्या आतच बाबांचा आवाज तुटे. शब्द अर्धा येई आणि उरलेला येतच नसे. बाबा सुट्टीवर आले तेव्हा तिने विचारले होते, “बाबा, तुमचे न आलेले शब्द कुठे जातात?” बाबा म्हणाले, “समुद्रात पडतात.” ती तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. पडून काय होते? पुढे केव्हातरी शाळेत कळले की काही हरवत नाही, वाटेतल्या ढगांनी आणि पाण्याच्या थेंबांनी ते शोषलेले असते आणि त्याने ते थेंब नकळत कोमट झालेले असतात. त्या दिवशी घरी येताना तिला इतका आनंद झाला होता की ती चुकीच्या गल्लीत शिरली. बाबांचा अर्धा शब्द कुठेतरी पाण्याचा थेंब कोमट करून राहिला आहे! तो का पोचला नाही आणि कसा पोचवता येईल हे एक. आणि पोचला नाही तर त्याचे झाले काय, हे दुसरे. तिच्या लेखी तो एकच प्रश्न होता. विद्यापीठात आल्यावर तिला कळले की त्याला दोन इमारती आहेत.

बाबा आता कायमचे घरी आले होते. बुधवारी संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ते ओट्याशी उभे राहून मिक्सरचे भांडे उलटेपालटे करत होते, आणि दाताच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात दिवसभर बसून आलेली आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तिने सांगून टाकले. केबल, वर्गाचे हसणे, शुक्रवार. आईने शांतपणे ऐकले आणि मग तिचा बांध फुटला. “मी पहिल्यापासून सांगत होते. दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस उभी राहणार गं तू? आरशात बघितलंस का स्वतःला? एक धर आणि सुखानं झोप. सोडलंस म्हणून कुणी फासावर देणार नाहीये.” मग बाबांकडे वळून, “तुम्ही बोला की काहीतरी!” बाबा बोलले नाहीत. म्हणजे लगेच बोलले नाहीत. उपग्रह केव्हाच मधून गेला होता, पण त्यांच्या बोलण्यातली पोकळी तशीच राहिली होती. समोर बसलेल्या माणसालाही ते ती पोकळी देत. आईचा त्या पोकळीवर फार राग होता. बाबा म्हणाले, “उत्तर लिहिलंस तेव्हा तुला काही वाटलं नाही का?”

“काय वाटायचं?”

पोकळी. “काही नाही. मला यातलं कळत नाही. पण इकडून टाकलं त्याच्यापेक्षा तिकडे जास्त आलं, हे म्हणजे टाकी भरली नाही तरी ओसंडतेय म्हटल्यासारखं. असं कुणी म्हणालं तर आपण थबकतो ना. म्हणून विचारलं.”

आई म्हणाली, “ती रडकुंडीला आलीय आणि तुमच्या टाक्या!” आणि पोळ्या करायला उठली. ती मात्र तिथेच बसून राहिली. काही वाटले नाही का? वाटले होते. आता तिला ते स्पष्ट आठवले, परीक्षेचा हॉल, खिडकीच्या पट्ट्यांतून बाकावर पडलेले ऊन, पुढच्या मुलीचा सतत हलणारा पाय. उत्तर आले होते, आकडा मोठा होता, आणि तो तिला खटकला होता. तिने पेन उचलले होते. आणि मग स्वतःशी म्हटले होते, इथे असेच असेल. इथे. या इमारतीत. सकाळच्या वर्गात पदार्थविज्ञानाच्या बाई कुठलेही गणित सुरू करण्याआधी विचारतात, मोठे येणार की लहान, आधी बोला, मग हात चालवा. तिथे असते तर हा आकडा तिने जन्मात पुढे जाऊ दिला नसता. केबलला कुणी काही खाऊ घातलेले नाही, ती जास्तीचे आणणार कुठून, हे तिला माहीत होते. झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. पण ते माहीत असणारी मुलगी पायरीवर उभी होती. चपलांपाशी.

तिचे अंग गरम झाले. लाज होती, पण नुसती लाज नव्हती, रागही होता आणि रागाच्या खाली काहीतरी चक्क आनंदासारखे होते. सगळे म्हणत होते की दोन्ही एकदम करायला गेलीस म्हणून आपटलीस. आणि ती तर दोन्ही एकदम करतच नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही केले नव्हते. सकाळी एक, दुपारी एक, मध्ये पार्टिशन, आणि त्या पार्टिशनचे कौतुक. सकाळच्या इमारतीतल्या चुकाही आता तिला दिसू लागल्या. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरींवर तिने मोठ्या तोऱ्यात निबंध लिहिला होता, आणि त्या लहरींची खरखर ऐकणारे यंत्र स्वतःची खरखर त्यात किती मिसळते याचा एका ओळीत विचार केला नव्हता. दुपारी तर रोज तेच मोजत होती! चिन्हांची गल्लत ही किरकोळ बाब होती. चिन्ह कुणाचेही चुकते. चुकलेले दिसत असताना गप्प बसणे, तेही शहाण्या मुलीसारखे, ही खरी चूक. “जेवायला येतेस का?” आईने विचारले. “आले,” ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.

गुरुवारी ती डेसिबल सरांच्या खोलीत गेली. खोलीत केबलचे तुकडे, जुन्या अँटेना आणि एक मरायला टेकलेले रोप होते. “मार्क वाढवून हवेत?” सरांनी वर न बघता विचारले.

“नाही सर. ती केबल माझी आहे.”

सरांनी वर बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव आला आणि तो लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. “नाव झाकलं होतं मी.”

“विनोद चांगला होता, सर. मला ते गणित तुमच्यासमोर परत करायचंय. मार्कांसाठी नाही.”

त्यांनी फळ्याकडे हात केला. तिने आधी वरच्या कोपऱ्यात लिहिले, काळ कुठल्या रीतीने मांडते आहे ते. मग काहीही सोडवण्याआधी वळून म्हणाली, “शेवटी लहान आलं पाहिजे. आणि जेवढं कमी येईल तेवढ्यानं केबल तापली पाहिजे. तेही काढते.” ती करत गेली. मध्ये एकदा हात थबकला, तिने त्याला थबकू दिले. जुन्या सवयीने सकाळचा आकडा बोटांत आलाच होता. तिने त्याचे चिन्ह बदलून घेतले, का बदलले ते बाजूला लिहिले, आणि पुढे गेली. लाट विरत गेली. मग तिने वाटेत कुठे किती ऊब राहिली ते काढले, पलीकडे पोचलेले आणि वाटेत राहिलेले यांची बेरीज केली, आणि ती सुरुवातीला टाकलेल्याइतकी भरली. तोवर बाहेरच्या गच्चीवरचे ऊन पलीकडच्या भिंतीवर गेले होते आणि सरांचा चहा साय धरून थंड झाला होता.

“बरोबर,” सर म्हणाले. “पण किती वेळ घेतलात बघा. एवढ्यात वर्गातली पोरं अख्खा पेपर सोडवतात.”

“हो.”

“परीक्षेत दोन्हीकडून विचार करायला वेळ मिळणार नाही. सरळ एका रीतीनं जाणारा तुमच्या पुढे निघून जाईल. दर वेळी. मी खोटं गोड बोलत नाही. तुमच्या जागी मी असतो तर एक सोडलं असतं. मला वाईटही वाटलं नसतं.”

“मला वाटेल,” ती म्हणाली. एवढे साधे वाक्य होते, पण तिला ते म्हणायला इतकी वर्षे लागली होती. हावरटपणा असता तर हे वेळखाऊ गणित तिला इतके आवडले नसते. ती फळ्याकडे बघत राहिली. तिला ते खरोखरच आवडले होते, वरपासून खालपर्यंत. सरांनी ते पुसायला डस्टर उचलले, मग का कोण जाणे, खाली ठेवले आणि चहा पिऊन टाकला.

शुक्रवारी सकाळपासून तिला धास्ती वाटत होती. ती निर्धाराने जात नाही हे तिला त्या दिवशी कळले. लंबूला तिने पटांगणात गाठून सांगितले आणि तो म्हणाला, “वेडी आहेस का? आम्ही सगळे बाहेर पडू गं. तू कुणाबरोबर बसणार?” बाहेर पडलेले लोक नोकरीला लागतील, त्यांच्या गप्पा बदलतील, एखाद्या दिवशी लंबू टाय लावून भेटायला येईल आणि तिला त्याचे हसू येणार नाही. हे सगळे तिने डोळ्यांसमोर आणून बघितले. बघून झाल्यावरही पाय समन्वयक बाईंच्या खोलीकडेच चालले होते.

बाई फोनवर होत्या. फोन ठेवून त्यांनी समोरची कागदपत्रे बाजूला सारली. “या. काय मग? कुठलं सोडायचं ठरलं?”

“वर्ष,” ती म्हणाली.

“काय?”

“मी एक वर्ष सोडते, बाई. विषय दोन्ही ठेवते. पण एका सत्रात निम्मे निम्मेच घेईन, दोन्हीकडचे, आणि केबलचा विषय परत पहिल्यापासून करीन, खालच्या वर्गाबरोबर. मला दोन्ही एकदम येत नाही. ते शिकायला वेळ लागणार आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “तुमची सगळी बॅच निघून जाईल.”

“हो.”

“नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारतील, एक वर्ष जास्त का लागलं.”

“सांगीन.”

“आणि घरी?”

“आई बोलणार आहे. खूप बोलणार आहे.”

बाईंना हसू आले, पण त्यांनी ते आवरले, कारण त्यांना आणखी एक विचारायचे होते आणि ते हसत विचारण्यासारखे नव्हते. “आणि एवढं करून पुढच्या वर्षी पुन्हा असंच झालं तर?”

हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. बाकीचे सगळे विचारले होते, हा तेवढा टाळला होता. खोलीतला पंखा, बाईंचे पेन, खिडकीतून दिसणारी ती दोन्ही छपरे, सगळे क्षणभर लांब गेले. ‘होणार नाही’ असे म्हणावेसे वाटले, आणि ते खोटे ठरले असते.

“तर आणखी एक सोडीन,” ती म्हणाली. आणि वाक्य पुरे झाले.

बाईंनी समोरच्या खुर्चीवरची पुस्तकांची चळत उचलून जमिनीवर ठेवली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. “बसा,” त्या म्हणाल्या. “वेळापत्रक जुळवायला वेळ लागेल.”